रुमाल कुणाच्या घरी?

२०२३ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात उर्दू वाचता येणाऱ्या माणसाला एकाएकी किंमत आली. कुणबी नोंदींच्या शोधासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांतले गठ्ठे सुटू लागले. निजामाच्या राजवटीतले महसुली कागद उर्दूत, त्याआधीचे फारसीत, गावपातळीवरचे बरेच मोडीत. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही, त्यावर रोज भरपूर लिहिले जाते. माझ्या मनात राहिली ती दुसरीच गोष्ट. नांदेड-लातूरच्या माणसांचा कागद शोधायला हैदराबादपर्यंत जावे लागत होते. संस्थान १९४८ साली गेले, आपले जिल्हे १९५६ साली मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्र झाला. दफ्तराचा मोठा भाग मात्र तिथेच राहिला.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. त्यामुळे गेली काही वर्षे ओळखीचे, अनोळखी लोक मोबाईलवर कागदांचे फोटो पाठवतात. कुणाचा मुंतखब, कुणाचे खासरा पत्रक, कुणाच्या पणजोबाच्या नावची पावती. 'सर, यात काय लिहिलंय तेवढं सांगा.' शिकस्ता लिपीत लिहिलेला एखादा शब्द पहिल्यांदा एक वाटतो, महिन्याने दुसराच कागद पाहिल्यावर तो वेगळा निघतो. म्हणून मी मूळ उर्दू मजकूर टाइप करून खाली मराठी अर्थ लिहितो आणि कोणते वाचन कधी बदलले, का बदलले, हे नोंदवून ठेवतो. या कामासाठी संगणकवाल्यांकडे एक तयार अवजार आहे, त्याला गिट म्हणतात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने, जो आता पुण्यात नोकरीला आहे, मला ते शिकवले. आणि हे सारे कागद लोकांच्या घरातले. त्यात भावाभावांचे वाटे आहेत, बहिणीचा गाळलेला हिस्सा आहे, दर्ग्याच्या जमिनीचा तंटा आहे. ही अमानत परक्या कंपनीच्या संगणकावर ठेवायला मन धजत नाही. म्हणून ती माझ्याच घरी, कपाटावरच्या दोन डिस्कच्या छोट्या स्टोरेज पेटीत असते.

शेजारी विचारतात, एवढा उपद्व्याप कशाला? त्याचे उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास संगणकापेक्षा बराच जुना आहे.

आपण मराठीत 'मसुदा' म्हणतो तो शब्द अरबी 'मुसव्वदा'वरून आला. त्याच्या मुळाशी काळेपणा आहे. मुसव्वदा म्हणजे खाडाखोडीने काळा झालेला कागद. त्यावरून जी स्वच्छ प्रत काढतात तिच्या अरबी नावाच्या, 'मुबय्यजा'च्या, मुळाशी पांढरेपणा आहे. कचेरीत पांढरी प्रत जपली जाई आणि काळी रद्दीत जाई. इतिहास लिहिणाऱ्याला मात्र काळीच हवी असते. आधी काय लिहिले होते, ते कुणी खोडले आणि त्याजागी काय आणले, हे पांढऱ्या प्रतीत कधीच दिसत नाही. संगणकवाले ज्याला आवृत्ती-नियंत्रण म्हणतात, ते म्हणजे काळा कागद न फेकण्याची शिस्त.

ही शिस्त आपल्या महसूल खात्याने फार आधीपासून पाळली आहे. सातबारा सगळ्यांना माहीत असतो, पण सातबारा म्हणजे नुसती आजची स्थिती. ती स्थिती कशी आली हे गाव नमुना सहामध्ये असते, म्हणजे फेरफार नोंदवहीत. खरेदी झाली, वारस लागला, वाटणी झाली, की तलाठी अनुक्रमांक घालून तिथे नोंद लिहितो. चावडीवर नोटीस लागते, संबंधितांना हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात, हरकत आली तर ती वेगळ्या तक्रार नोंदवहीत जाते आणि शेवटी मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मगच सातबारावर बदल होतो. तेव्हाही जुने नाव खरवडून काढत नाहीत. ते कंसात जाते आणि नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक येतो. गिटचेही हेच आहे. कुणी, कधी, कोणत्या कारणाने काय बदलले याची नोंद, दुसऱ्याने तपासून मंजूर करण्याची सोय, आणि जुन्याचा कंस. आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याच्या मुलाला गिट शिकवायचे तर इंग्रजी पुस्तकाऐवजी नमुना सहा पुढ्यात ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे.

फरक एकच, पण तो मोठा आहे. फेरफाराची वही कचेरीत राहते. शेतकऱ्याच्या हातात येतो तो उतारा. निजामाच्या काळात इनामाची चौकशी होऊन इनामदाराला जो कागद मिळे त्याचे नाव 'मुंतखब'. या शब्दाचा अर्थ 'निवडलेले' असा आहे. 'इंतिखाब' त्याच घराण्यातला, आज उर्दू वर्तमानपत्रांत तो निवडणुकीसाठी वापरतात. म्हणजे मूळ मिसल हैदराबादेत आणि तिच्यातला निवडक भाग इनामदाराच्या पेटीत. पहिल्या सालारजंगाने १८६५ साली जिल्हाबंदी केली, १८८० च्या दशकात दरबारी कामकाज फारसीतून उर्दूत आले आणि कागदांची शिस्त वाढत गेली. त्याबरोबर सारे एका जागी जमा होणेही वाढले. १९१६ साली औरंगाबादच्या किल्ले अर्कमधले शाहजहान-औरंगजेबाच्या काळचे कागद हैदराबादला हलवले गेले. त्यांची तिथे उत्तम निगा राहिली हे मान्यच करायला हवे. पण ज्या मुलखाचे ते कागद, त्या मुलखात त्यांची प्रत उरली नाही.

पश्चिम महाराष्ट्रात हाच खेळ वेगळ्या तऱ्हेने झाला. पेशवाई बुडाल्यावर पुण्याचे पेशवे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. दप्तरातले कागद कापडात बांधून ठेवायची पद्धत, आणि त्या गाठोड्याला म्हणतात रुमाल. हजारो रुमाल सरकारी कुलपात. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि त्याच्या अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्यातल्या घराण्यांना सनदा दाखवायला लावले. ज्यांना समाधानकारक पुरावा दाखवता आला नाही त्यांची इनामे गेली. कागद तपासणाऱ्याकडे अख्खे दफ्तर आणि समोरच्याकडे पेटीतला जीर्ण कागद, असा तो सामना होता. त्यानंतर कैक पिढ्या लोक घरातले कागद दाखवायला घाबरत राहिले असतील तर नवल काय?

या घाबरलेल्या घरांची दारे विश्वनाथ काशीनाथ राजवाड्यांनी ठोठावली. सरकारी दफ्तरात संशोधकांना सहज प्रवेश नव्हता, तेव्हा हा माणूस गावोगावचे वाडे धुंडाळत फिरला. वाईत सापडलेल्या कागदांवरून १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला, पानिपतच्या आधीच्या दशकातल्या पत्रांचा. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड गोविंद सखाराम सरदेसाईंच्या संपादनाखाली १९३० नंतर छापले गेले, म्हणजे राजवाडे १९२६ साली वारल्यावर. सरकारी रुमाल सुटेपर्यंत मराठ्यांच्या इतिहासाची मोठी भिस्त घरगुती रुमालांवर होती. आमच्या लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी फारसी-उर्दू साधने थेट मुळातून वाचत आणि मराठीत आणत. मराठवाड्याला अशी माणसे आणखी दहा तरी मिळायला हवी होती. कंधार, उदगीर, औसा इथल्या जुन्या घरांतल्या पेट्या अजून कुणीतरी उघडायची वाट पाहत आहेत.

तर प्रश्न जुनाच आहे: बदलांचा अख्खा इतिहास कुणाकडे, आणि उतारा कुणाकडे? संगणकाच्या जगात तो कसा आला ते पाहू.

१९७२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस नावाची पहिली गाजलेली प्रणाली तयार केली. १९८२ साली पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिशी यांनी आरसीएस आणली. दोन्हींची रीत तलाठ्याच्या वहीसारखी, एकाने फाइल घेतली की ती परत येईपर्यंत दुसऱ्याला हात लावायची मुभा नाही. ही कोंडी फोडली ॲमस्टरडॅमच्या एका प्राध्यापकाने, आणि शिक्षक असल्यामुळे मला ही हकिकत विशेष आवडते. डिक ग्रून आपल्या दोन विद्यार्थ्यांबरोबर एका प्रकल्पावर काम करत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच वेळ पाळणारा, दुसऱ्याच्या वेळेचा पत्ता नाही, आणि गुरुजींना फक्त संध्याकाळी सवड. एकाच फाइलवर तिघांना एकमेकांसाठी न थांबता काम करता यावे म्हणून त्यांनी काही आज्ञावली लिहिल्या आणि १९८६ साली त्या जाहीर केल्या. त्यातून सीव्हीएस जन्माला आले. कुलूप गेले, पण वही एकाच ठिकाणी राहिली. २००० साली सुरू झालेल्या सबव्हर्जनमध्येही तेच. मध्यवर्ती संगणकावर सारा इतिहास आणि काम करणाऱ्याकडे आजची प्रत, म्हणजे उताराच.

२००२ पासून लिनक्सचे काम बिटकीपर नावाच्या एका कंपनीच्या प्रणालीवर चालू होते. कंपनीने ती फुकट वापरायला दिली होती, पण अटी घालून. बिटकीपर आतून कसे बोलते हे अँड्र्यू ट्रिजेल यांनी शोधायला घेतले, कंपनीला ते खपले नाही आणि २००५ च्या एप्रिलमध्ये फुकट परवाना मागे घ्यायचे ठरले. जगभरच्या हजारो लोकांचे काम, आणि वही परक्याच्या घरात! लिनस टॉरवाल्ड्स यांनी ३ एप्रिलला नवी प्रणाली लिहायला घेतली आणि ७ एप्रिलला गिटचा स्वतःचा इतिहास गिटमध्येच नोंदवला जाऊ लागला. चार दिवस. जुलैत त्यांनी ती जुनिओ हमानो यांच्या हाती सोपवली, आजही तेच सांभाळतात.

गिटने जी गोष्ट केली ती मला फारच मोठी वाटते. प्रत घेणाऱ्याला आजचा उतारा देऊन न थांबता त्याने पहिल्या नोंदीपासूनची अख्खी फेरफार वही प्रत्येकाच्या हातात दिली. शिवाय प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरातून काढलेला चाळीस अक्षर-अंकांचा एक क्रमांक असतो आणि त्यात आधीच्या नोंदीचा क्रमांक गुंफलेला असतो. दहा वर्षांपूर्वीच्या नोंदीतला एक काना जरी कुणी गुपचूप बदलला तरी पुढचे सगळे क्रमांक बदलतात आणि लबाडी उघडी पडते. तलाठ्याच्या वहीत मागाहून पान घुसवल्याच्या तक्रारी ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना याची किंमत सांगायला नको. २०११ च्या ऑगस्टमध्ये लिनक्सच्या मुख्य ठिकाणी, कर्नल डॉट ऑर्गच्या संगणकांवर, घुसखोरी झाल्याचे उघडकीला आले. साइट आठवडे-आठवडे बंद राहिली. पण मूळ मजकुरात फेरफार झाला असेल ही धास्ती लवकर मिटली, कारण हजारो लोकांच्या संगणकांवर तोच इतिहास तेच क्रमांक घेऊन बसला होता.

एवढे झाल्यावर लोकांनी काय करावे? सगळ्यांनी आपापल्या वह्या उचलून पुन्हा एका गोदामात नेऊन ठेवल्या. २००८ साली गिटहब सुरू झाले आणि सोय इतकी होती की जग तिकडे लोटले. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने ते साडेसात अब्ज डॉलरना घ्यायचे ठरवले. आधी खासगी भांडाराला पैसे पडत, २०१९ च्या जानेवारीत ते फुकट झाले आणि उरलेसुरलेही तिथे गेले. मी गिटहबच्या विरोधात नाही. महसुली उर्दू शब्दांची माझी यादी मी उघडपणे अशाच एका ठिकाणी ठेवली आहे, ती सगळ्यांच्या उपयोगाची आहे. पण तिथे 'खासगी' या शब्दाचा अर्थ 'कंपनीने दाखवणार नाही असे वचन दिले आहे' एवढाच होतो. तिजोरी त्यांची, किल्ली त्यांची, अटी त्यांच्या. २०१९ च्या जुलैत अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या लोकांची खासगी भांडारे एकाएकी बंद पडली. इराणला सवलत मिळायला २०२१ चा जानेवारी उजाडला. ज्यांची भांडारे अडली त्यांतल्या बहुतेकांचा गुन्हा एवढाच की ते तिथे राहत होते. गुगलचे कोड साठवण्याचे ठिकाण २०१६ च्या जानेवारीत बंद झाले, गिटोरियस त्याच्या आदल्या वर्षी. पूर्वसूचना होती, हलवाहलवीची सोय होती, हे खरे. पण घरमालकाने घर रिकामे करा म्हटले की करावेच लागते.

आणि हे दूरदेशीचेच आहे असे नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या एका न्यायालयाने ३२ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाच्या तपासातून ते प्रकरण आले होते. डिसेंबर संपता संपता देशभर अनेकांना ही ठिकाणे दिसेनाशी झाली. त्यात गिटहबची एक शाखा होती, चित्रफितींची मोठी स्थळे होती आणि जगभरची जुनी पुस्तके साठवणारे इंटरनेट अर्काइव्हही होते. आक्षेपार्ह मजकूर तिथे कुणी टाकला असेल, तो काढायला सांगणे योग्यच. पण एका खोलीतल्या भांडणासाठी अख्ख्या वाड्याला टाळे लागले. थोड्या दिवसांत ती एकेक करून सुरू झाली. उर्दूतली जुनी छापील पुस्तके शोधणाऱ्याला अर्काइव्ह बंद असणे म्हणजे काय, ते त्यालाच ठाऊक.

घरी गिट ठेवायला फार मोठे शिक्षण लागत नाही. गिटलॅब ही आज मोठी कंपनी आहे. २०११ साली ती सुरू झाली ती युक्रेनमधल्या एका घरात, आणि त्या घरात नळाला पाणी नव्हते. दिमित्रो झापोरोझेत्स रोज सार्वजनिक विहिरीवरून पाणी आणत आणि तरी त्यांना पाण्यापेक्षा मोठी अडचण वाटली ती आपल्या गटाला एकत्र काम करायला चांगले अवजार नसल्याची. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले तेव्हाचे लातूर ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी या गोष्टीवर आपापले मत बनवावे.

माझ्या पेटीत गिटलॅब नाही, एवढ्या छोट्या यंत्राला ते जड होते. गिटी किंवा फोर्जेजो नावाची हलकी आज्ञावली चालते. पण खरे तर तीही लागत नाही. 'बेअर' म्हणजे उघडे भांडार बनवायची एक आज्ञा दिली की काम झाले. बेअर भांडारात वाचायला उलगडून ठेवलेला कागद नसतो, फक्त इतिहास असतो, घट्ट बांधलेल्या रुमालासारखा. लिहायचे काम लॅपटॉपवर करायचे आणि संध्याकाळी नव्या नोंदी पेटीकडे ढकलायच्या. दारावर परवलीच्या शब्दाऐवजी किल्लीची फाइल ठेवावी. कागदांचे स्कॅन मात्र गिटमध्ये कोंबू नयेत, चित्रे बदलत नाहीत आणि भांडार उगाच फुगते. ती पेटीतच वेगळ्या कप्प्यात ठेवावीत, गिटमध्ये फक्त टाइप केलेला मजकूर. तोही युनिकोडमध्ये. इनपेजमध्ये किंवा जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेल्या फाइलींत गिटला ओळीओळीतला फरक नीट दिसत नाही, त्या आधी बदलून घ्याव्या लागतात. आणि फाइलीचे नाव देवनागरीत किंवा उर्दूत ठेवले की गिट ते उलट्या तिरप्या रेघांच्या आणि आकड्यांच्या रांगेत दाखवते, 'कोअर कोटपाथ' हे कलम बंद केले की सरळ दिसू लागते. इंग्रजीत काम करणाऱ्याला ही अडचण कधी पडतच नाही, म्हणून पुस्तकांत ती पहिल्या पानावर नसते.

एक गंमतही सांगतो. २०२२ च्या एप्रिलपासून गिट एक सुरक्षेचा नियम पाळते. भांडाराचा मालक म्हणून एका वापरकर्त्याचे नाव असेल आणि उघडणारा दुसरा असेल, तर ते मालकी संशयास्पद असल्याचे सांगून काम थांबवते. घरच्या स्टोरेज पेट्यांत हे हमखास होते, कारण तिथे फाइली एकाच्या नावाने बनतात आणि वापरणारा दुसऱ्या नावाने येतो. मग कोणत्या जागेवर विश्वास ठेवायचा हे त्याला लेखी कळवावे लागते. तो संदेश पडद्यावर आला की मला इनाम कमिशनचा साहेब समोर बसल्यासारखा वाटतो.

घरी ठेवले की सुरक्षित, असा भाबडेपणा मात्र नको. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने जगभरच्या हजारो घरगुती पेट्यांतल्या फाइलींना कुलूप घातले. बहुतेक पेट्या मालकांनी सोयीसाठी थेट इंटरनेटवर उघड्या ठेवल्या होत्या. माझी पेटी बाहेरून दिसतच नाही. बाहेरगावी असताना वायरगार्डच्या बंद वाटेने मी घरच्या जाळ्यात शिरतो आणि मग तिला भेटतो. मराठवाड्यातल्या विजेला मान देऊन इन्व्हर्टरही जोडला आहे. दोन डिस्कवर एकच मजकूर असतो, एक बिघडली तर दुसरी असते. पण चुकीने पुसलेली फाइल दोन्हींवरून एकाच क्षणी जाते, त्यामुळे याला दुसरी प्रत म्हणता येत नाही.

आणि घराचे काय सांगावे? आमच्या भागात घरे जाताना आम्ही पाहिली आहेत. १९४८ सालात आधी रझाकारांच्या जुलमाने आणि सप्टेंबरातल्या पोलीस कारवाईनंतरच्या सूडाने गावेच्या गावे उजाड झाली. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबरात दौरा केला. सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावे घेतली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. जळलेल्या घरांतल्या पेट्यांत काय होते ते आता कळणे नाही. त्या समितीचा अहवालही सरकारने कित्येक दशके छापला नाही, तो लोकांपर्यंत आला तो इकडेतिकडे राहिलेल्या प्रतींमुळे. मग ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे किल्लारी-सास्तूरची दगड-मातीची, माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. माणसांचाच हिशेब लागत नव्हता तिथे कागदांची कोण विचारपूस करणार! पण पुढे पुनर्वसनाच्या रांगेत उभ्या राहिलेल्यांना वारसाचा, मालकीचा, नावाचा कागद मागितला गेलाच. सरकारी इमारत तरी कुठे अमर असते? २१ जून २०१२ ला मंत्रालयाचे वरचे मजले जळाले, त्यात किती फायली गेल्या. आणि ज्या गिटलॅबची गोष्ट वर सांगितली, त्यांच्याही एका कर्मचाऱ्याकडून ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री मुख्य माहितीसाठा पुसला गेला. पाच तऱ्हांची बॅकअप व्यवस्था होती, वेळेवर एकही धड चालली नाही. जवळपास सहा तासांची माहिती कायमची गेली. कंपनीने ते लपवले नाही, दुरुस्तीचे काम जगाला थेट दाखवले, हे त्यांचे मोठेपण.

म्हणून नांदेडच्या पेटीची जोडीदार लातूरला आहे, माझ्या बहिणीच्या घरी, कपाटात साड्यांच्या घड्यांमागे. रोज रात्री दोन वाजता इथल्या नव्या नोंदी तिकडे जातात. एक भूकंप, एक पूर किंवा एक आग दोन्ही घरांत एकदम पोचणार नाही इतके अंतर मध्ये आहे. तिकडची डिस्क कूटबद्ध आहे, बहिणीला किंवा भाच्यांना ती वाचता येत नाही आणि वाचायचीही नाही. ज्यांनी कागद दिले त्यांना मी ही व्यवस्था सांगितलेली आहे. दोघांनी नको म्हटले, त्यांचा मजकूर लातूरला जात नाही. तो वेगळ्या भांडारात फक्त इथे राहतो.

एका बाबतीत जुना रुमाल या पेटीपेक्षा सरस होता. त्याला गाठ असे, किल्ली नसे. पणजोबा वारले तरी नातवाने गाठ सोडली की कागद समोर, मग वाचता येवो न येवो. कूटबद्ध डिस्कचे तसे नाही. परवलीचा शब्द माझ्याबरोबर गेला तर लोकांची अमानतही गेली. त्यावर मी सध्या एवढेच केले आहे: शब्दाचे दोन तुकडे करून एक घरच्या लोखंडी पेटीत ठेवला आहे, दुसरा पुण्याच्या त्या विद्यार्थ्याकडे. घरचा तुकडा उर्दूत लिहिला आहे. माझ्या मुलीला उर्दू येते, मुलाला अजून नीट येत नाही. या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला शिकस्ता नाही तरी साधे नस्तालीक तरी वाचायला बसवायचे आहे.